तिसरा युनिफॉर्म

1859 मध्ये लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांची पत्नी आजारपणात गेली. शेवटच्या दिवसांत मेरी रॉबिन्सन नावाच्या नर्सने तिचं सगळं केलं होतं. रॅथबोननी नंतर तिला निरोप दिला नाही. शहरातल्या गरिबांच्या घरोघरी जाऊन हेच काम कर, पगार मी देतो, असं सांगून तिला तीन महिन्यांसाठी नेमलं. महिनाभरातच ती परत आली. जे पाहिलं ते तिला सोसवेना. त्यांनी समजूत घातली, ती पुन्हा गेली, आणि तीन महिने भरले तेव्हा तिलाच ते काम सोडवेना. मग अशा आणखी नर्सेस नेमाव्यात म्हणून रॅथबोननी शोध घेतला, तर शिकलेल्या नर्सेस मिळतच नव्हत्या. त्यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला आणि 1862 मध्ये लिव्हरपूलमध्ये नर्सिंगची शाळा उभारायला घेतली.

कुणाच्या स्मरणार्थ नर्सिंगची शिष्यवृत्ती सुरू होते तेव्हा आजही बहुतेक हीच वाट असते. घरात एक मोठं आजारपण येऊन जातं. त्यात एखादी नर्स कायमची लक्षात राहते. किंवा गेलेली व्यक्ती स्वतःच नर्स असते, आडगावच्या दवाखान्यात तीस-पस्तीस वर्षं काढलेली. मागे राहिलेल्यांच्या हातात थोडे पैसे असतात आणि मनात खूप काही असतं. रॅथबोन यांच्या गोष्टीतला पगाराचा भाग सगळ्यांना आठवतो. मेरी महिन्याभरात परत आली, हा भाग मात्र शिष्यवृत्तीचे नियम लिहिताना विसरला जातो. पगार चालू असतानाही ती परत आली होती. तिला परत पाठवायला कुणीतरी बसून बोलावं लागलं.

खेड्यांसाठी वेगळी शिष्यवृत्ती का, असा प्रश्न देणगीदारांच्या पहिल्या बैठकीत हमखास निघतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये मांडलेलं चित्र असं होतं: जगातली साधारण निम्मी माणसं ग्रामीण भागात राहतात, पण नर्सेसपैकी 38 टक्केच तिथे काम करतात. त्याच संघटनेच्या 2025 च्या अहवालात जगातल्या नर्सेसची संख्या 2 कोटी 98 लाख आणि तुटवडा 58 लाखांचा दिला आहे. खेड्यात नर्स टिकावी म्हणून संघटना जे उपाय सुचवते, त्यात ग्रामीण भागात वाढलेल्यांना प्रवेश देणं हा फार जुना आणि ठाम उपाय आहे. कारण साधं आहे. जिथे लहानपण गेलं तिथे परत जाऊन राहणं माणसाला जड जात नाही. शहरात वाढलेल्या मुलीला पैसे देऊन खेड्यात पाठवण्यापेक्षा खेड्यातल्या मुलीला शिकवणं म्हणूनच जास्त फळतं.

त्यासाठी ‘ग्रामीण’ म्हणजे कोण, हे आधी नीट लिहून ठेवायला हवं. अर्जावरचा सध्याचा पत्ता हा सगळ्यात कच्चा पुरावा. शिकण्यासाठी शहरात खोली घेतलेली मुलगी त्यातून बाहेर पडते आणि खेड्यात नुसती जमीन असलेल्या शहरी घरातला मुलगा आत येतो. त्यापेक्षा शालेय शिक्षणाची वर्षं मोजावीत. दहापैकी निदान सहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत गेलेली असावीत, एवढी अट पुरते. शाळेचा दाखला पाहिला की ती तपासता येते.

आता पैशाचं गणित. इथेच सगळ्यात जास्त स्मृती-निधी पहिल्या पाच वर्षांत अडकतात.

एका विद्यार्थिनीला वर्षाला द्यायची रक्कम म्हणजे एक वाटा समजू. निधी कायम टिकवायचा असेल तर दरवर्षी मुद्दलाच्या चार टक्क्यांच्या आसपासच खर्च करता येतो. व्याज सात टक्के मिळालं तरी उरलेले तीन टक्के मुद्दलात परत घालावे लागतात, नाहीतर महागाई निधीला आतून पोखरते. म्हणजे दरसाल एक वाटा देण्यासाठी पंचवीस वाट्यांचं मुद्दल हवं. इथपर्यंत बहुतेकांचा हिशेब बरोबर असतो. चूक पुढे होते. ‘दरवर्षी एका नव्या विद्यार्थिनीला’ असं जाहीर केलं जातं, आणि अभ्यासक्रम असतो चार वर्षांचा. पहिल्या वर्षी एक मुलगी, दुसऱ्या वर्षी दोन, चौथ्या वर्षी एकाच वेळी चौघी. मुद्दल लागतं शंभर वाटे. ते नसलं की तिसऱ्या वर्षी समितीपुढे दोनच रस्ते उरतात: जुन्या मुलींची रक्कम कापणं, किंवा शिष्यवृत्ती पहिल्या वर्षापुरतीच आहे असं उशिरा सांगणं. दोन्हींत एका मुलीचा विश्वासघात होतो, आणि तोही गेलेल्या माणसाच्या नावाने.

पंचवीस वाटेच असतील तर एकीला निवडावं, तिचं शिक्षण पूर्ण होऊ द्यावं आणि मगच दुसरीची निवड करावी. त्याहून कमी जमले असतील तर निधी कायम ठेवायचा हट्टच सोडावा. आठ वाटे जमले तर दोन मुली पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत शिकतात आणि निधी संपतो. नाव कायम राहावं ही घरच्यांची इच्छा समजण्यासारखी आहे. पण अर्धवट शिकलेल्या आठ मुलींपेक्षा नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेल्या दोन नर्सेस केव्हाही बऱ्या, आणि हे देणगीदारांना पहिल्याच बैठकीत, ते दुःखात असले तरी, स्पष्ट सांगायला हवं.

ही रक्कम कशासाठी द्यायची? कॉलेजची फी डोळ्यांसमोर असते, तिचा आकडा छापलेला असतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिच्यावर जातं. नाइटिंगेल यांच्या सन्मानार्थ 1855 मध्ये उभारलेल्या निधीतून 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये शाळा निघाली. तिथल्या शिकाऊ नर्सेसना काय मिळत होतं ते पाहण्यासारखं आहे: राहणं, जेवण, कपड्यांची धुलाई, युनिफॉर्म आणि वर वर्षाला दहा पौंड. धुलाईसुद्धा मोजलेली होती! शिकणाऱ्या मुलीचा दिवस ज्याने जवळून पाहिला आहे, त्यालाच हे सुचू शकतं.

युनिफॉर्मचंच घ्या. कॉलेजच्या यादीत बहुधा दोन जोड लिहिलेले असतात. एक अंगावर, एक वाळत. आठवड्यातले सहा दिवस वॉर्डात पोस्टिंग असतं. पावसात दोरीवरचा जोड वाळत नाही. अंगावरच्यावर रक्त किंवा उलटी उडाली तर तो वेगळा काढून गरम पाण्यात वेगळाच धुवावा लागतो. त्या दिवशी तिसरा जोड नसेल तर मुलगी ओला युनिफॉर्म घालून जाते, किंवा जातच नाही आणि तिचे क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाचे, तास बुडतात. हे तास नंतर सुट्टीत भरून काढावे लागतात. सुट्टीत हॉस्टेलची मेस बंद असते. एका जोड कपड्यांची ओढाताण अशी पुढच्या महिन्यांपर्यंत पोचते. बुटांचंही तसंच. बंद, पाण्याने पुसता येणारे, न घसरणारे बूट लागतात, आणि आठ-आठ तास उभं राहून स्वस्तातला जोड वर्षभर टिकत नाही. सेकंद काट्याचं घड्याळ, स्टेथोस्कोप, बोथट टोकाची बँडेज कात्री, डोळ्यांच्या बाहुल्या तपासायची छोटी टॉर्च. एकेक वस्तू लहान आहे. पण सगळ्या एकाच आठवड्यात लागतात, आणि तो आठवडा फी भरून घर रिकामं झाल्यानंतरचा असतो.

लशीचा मुद्दा त्याहून गंभीर. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारा यकृताचा आजार; त्याच्या लशीचे नेहमीचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. तिसऱ्यानंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातल्या अँटी-एचबीएस प्रतिपिंडांची चाचणी करतात. निकाल मिलिलिटरला 10 मिली-इंटरनॅशनल युनिट किंवा त्याच्या वर आला की संरक्षण आहे असं मानतात. म्हणजे एकंदर सात-आठ महिने लागतात. कॉलेज सुरू झाल्यावर पहिला डोस घेतला तर मुलगी लस पुरी होण्याआधीच वॉर्डात सुया हाताळायला लागते. म्हणून निवडीचं पत्र प्रवेशाआधी जायला हवं आणि लशीचे पैसे त्या पत्राबरोबरच द्यायला हवेत. या एका बदलाला वेगळा निधी लागत नाही. तारीख तेवढी अलीकडे आणायची.

तिसरा छुपा खर्च ग्रामीण पोस्टिंगचा. अभ्यासक्रमात काही आठवडे बाहेरच्या आरोग्य केंद्रात काढावे लागतात. हॉस्टेलची खोली सोडली तर परत मिळेल याची खात्री नसते, म्हणून तिचं भाडं चालूच राहतं आणि तिकडे दुसरी खोली घ्यावी लागते. सकाळची ड्यूटी सातला सुरू होते, पहिली बस साडेसातला येते. जी मुलगी खेड्यातल्या कामासाठी शिकते आहे, तिलाच खेड्यातलं पोस्टिंग परवडत नाही! शिष्यवृत्तीच्या अंदाजपत्रकात या आठवड्यांसाठी दुप्पट राहण्याचा खर्च धरलेला असावा. तो वेगळा मागायला लावू नये. मागायला संकोच वाटतो, आणि संकोच करणारीच बहुधा सगळ्यात गरजू असते.

रक्कम कशी द्यायची यातही बरंच काही बिघडतं. ‘आधी खर्च करा, पावती आणा, पैसे न्या’ ही पद्धत हिशेबनिसाच्या सोयीची आहे. जिच्याजवळ खर्चायला पैसेच नाहीत ती पावती आणणार कुठून? फीची रक्कम थेट कॉलेजला जावी. राहण्या-जेवण्याची रक्कम मुलीच्या स्वतःच्या नावावरच्या खात्यात जमा व्हावी, वडिलांच्या किंवा भावाच्या नाही. पहिला हप्ता सगळ्यात मोठा, वर्षाच्या रकमेच्या निदान एक तृतीयांश; उरलेली रक्कम दरमहा ठरलेल्या तारखेला. बाहेरून शिष्यवृत्ती आली की काही संस्था स्वतःची फीसवलत तेवढीच कमी करतात. मग देणगी मुलीच्या हाती न पडता संस्थेच्या तिजोरीत मुरते. कॉलेजच्या कार्यालयाला आधीच लेखी विचारावं, आणि तसं होणार असेल तर पत्रात स्पष्ट लिहावं की ही रक्कम निर्वाहासाठी आहे, फीसाठी नाही.

अर्ज पाठपोट एक पान, एवढाच असावा. मागितलेलं प्रत्येक कागदपत्र म्हणजे खेड्यातल्या मुलीची एक फेरी आणि घरातल्या कुणाची तरी एक बुडालेली मजुरी. दाखला, गुणपत्रिका, उत्पन्नाचा पुरावा. बाकीची कागदपत्रं निवड झाल्यावर मागता येतात. शिफारसपत्रांवर फार भिस्त ठेवू नये. शहरातल्या कॉलेजचे प्राध्यापक दोन पानं सुरेख लिहून देतात. खेड्यातले मास्तर ‘मुलगी हुशार व कष्टाळू आहे’ एवढंच लिहितात, आणि ती एक ओळ अनेकदा जास्त खरी असते. निबंधाचं तेच. भाषा सफाईदार असली की परीक्षक भुलतो. त्यापेक्षा मोजके, नेमके प्रश्न विचारावेत. कॉलेजपर्यंत जायला किती वेळ लागतो, किती गाड्या बदलाव्या लागतात? घरात कुणी आजारी पडलं तर त्यांचं कोण करतं? तुमच्या गावाजवळचा दवाखाना किती लांब आहे, आणि तिथे नर्स किती दिवस असते? या उत्तरांत अलंकाराला जागाच उरत नाही.

गुण देताना शंभरपैकी चाळीस गरजेला, पंचवीस ग्रामीण पार्श्वभूमीला, वीस अभ्यासाला आणि पंधरा या उत्तरांना, अशी काहीतरी वाटणी आधी ठरवून कागदावर ठेवावी. अर्जावरचं नाव झाकून क्रमांक घालावा. तिघांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि मगच एकत्र बसावं. आधी एकत्र बसलं की वयाने मोठ्या माणसाचं मत सगळ्यांचं होतं. गेलेल्या व्यक्तीच्या घरचं एकच माणूस समितीत असावं, आणि ओळखीचा अर्ज आला तर त्याने त्या अर्जापुरतं उठून जावं. मुलाखत फोनवर, वीस मिनिटांची, सगळ्यांना तेच प्रश्न. लग्न कधी करणार, हे विचारायचं नाही. गरिबीचं वर्णन पुन्हा करायला लावायचं नाही. ते अर्जात आलेलं असतं, ते पुन्हा बोलून घेण्यात क्रूरपणा आहे.

मग येतं पहिलं वर्ष, आणि पहिल्या वर्षाचा निकाल. ‘नापास झाल्यास शिष्यवृत्ती बंद’ हा नियम जवळजवळ प्रत्येक पत्रकात असतो, आणि ज्या क्षणी मदत सगळ्यात जास्त हवी त्याच क्षणी तो ती काढून घेतो. शरीररचना किंवा औषधशास्त्रात अडखळणारी मुलगी अभ्यासाला कच्ची असतेच असं नाही. औषधाच्या मात्रेचं गणितच पाहा. डॉक्टरांनी 0.25 ग्रॅम लिहिलं आहे, गोळी 125 मिलिग्रॅमची आहे. ग्रॅमचे मिलिग्रॅम करायचे, 250; म्हणजे दोन गोळ्या. सलाइन 1000 मिलिलिटर, आठ तासांत द्यायचं, सेट, म्हणजे सलाइनची नळी, मिलिलिटरला 20 थेंबांचा. 1000 ला 20 ने गुणायचं आणि 480 मिनिटांनी भागायचं. मिनिटाला साधारण 42 थेंब. चूक बहुधा भागाकारात नसते. तासांची मिनिटं करायची राहून जातात, किंवा सेट 60 थेंबांचा आहे हे पाकिटावर वाचायचं राहून जातं. त्या सेटचं बरोबर उत्तर 125 असतं. हा सहा-सात शिकवण्यांचा प्रश्न आहे. या विषयांच्या शिकवणीसाठी लहानशी रक्कम बाजूला ठेवली आणि एका सत्राची सवलत नियमातच लिहिली, तर कित्येक मुली दुसऱ्या वर्षात जातात. दुसऱ्यांदाही तेच झालं तर समितीने बोलावं, कारण शोधावं आणि मग ठरवावं. पत्राने कळवून मोकळं होऊ नये.

बंधपत्राबद्दल मतभेद आहेत, आणि ते रास्त आहेत. शिकल्यावर इतकी वर्षं खेड्यात सेवा करायची, नाहीतर पैसे परत, असा करार जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींतही आहे. सरकारला तो जमतो, कारण जागा भरणं सरकारच्या हातात असतं. छोट्या स्मृती-निधीच्या हातात एकही जागा नसते. मुलगी नोंदणी करून तयार बसते, खेड्यात भरती निघत नाही आणि कराराचं घड्याळ मात्र चालू असतं. लहान निधीने करार करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. करायचाच असेल तर जागा कोण शोधणार, किती महिन्यांत, न सापडल्यास करार आपोआप संपतो का, बाळंतपण आणि आजारपणात मुदत पुढे जाते का, अर्धी सेवा झाली तर परतफेड निम्मी होते का, हे सगळं मुलीच्या भाषेत लिहून तिला सही करण्याआधी आठवडाभर वाचायला द्यावं.

करारापेक्षा माणूस जास्त कामाला येतो. नोकरीत असलेली, शक्यतो ग्रामीण केंद्रात काम केलेली एक नर्स प्रत्येक मुलीशी जोडून द्यावी. महिन्यातून एक फोन, अर्धा तास. ती निवड समितीत नसावी, म्हणजे मुलगी तिच्याशी मोकळं बोलेल. पहिला मृत्यू पाहिल्यावर, पहिल्या रात्रपाळीनंतर, सुई टोचल्यावर घाबरून कुणाला न सांगता बसल्यावर. सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच कळवायचं असतं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. हे वर्गात शिकवलेलं असतं. तरी ‘ओरडा बसेल’ या भीतीने मुली गप्प राहतात. त्या रात्री फोन करायला एक नंबर असणं ही मोठी गोष्ट आहे. मेरी रॉबिन्सन परत आली तेव्हा तिच्याशी कुणी बोललं नसतं तर ती पुन्हा गेली नसती.

आणि नाव. ज्यांच्या स्मरणार्थ हे सगळं आहे त्यांची ओळख मुलीला व्हायला हवी. निवडीच्या पत्राबरोबर अर्धं पान पुरतं: त्या कोण होत्या, काय करत, आजारी असताना त्यांना काय आवडत असे. गुणगौरव नको, तपशील हवा. समारंभ टाळता आला तर उत्तम. मोठा धनादेश हातात धरून काढलेला फोटो मुलीच्या कॉलेजात आणि गावात सगळे पाहतात, आणि तिच्या घरची परिस्थिती तिच्या परवानगीशिवाय जाहीर होते. आभाराची पत्रं मागू नयेत. वर्षातून एकदा दोन ओळी, कुठल्या वॉर्डात आहे आणि काय शिकले एवढ्या, त्याही तिला वाटलं तर.

शेवटचा हप्ता निकालानंतरसाठी राखून ठेवावा. बहुतेक शिष्यवृत्त्या शेवटच्या परीक्षेच्या महिन्यात संपतात. त्यानंतर निकाल लागायला वेळ जातो, नोंदणीची फी भरायची असते, काही ठिकाणी परवान्याची परीक्षा असते, मुलाखतींचा प्रवास असतो, नव्या गावात खोलीची अनामत द्यावी लागते आणि पहिला पगार महिना भरल्यावरच येतो. हे तीन-चार महिने कोरडे जातात. याच काळात मुलगी घराजवळ मिळेल ते दुसरं काम धरते आणि नोंदणी राहून जाते. एका वर्षाच्या रकमेचा पाव भाग इथे पुरतो. नोंदणी क्रमांक आला की तो तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावा, आणि पुढच्या अर्जाचा लिफाफा उघडावा.